ऐतिहासिक सलून शर्यतीसाठी गाडी घडवताना: वर्ग, कागद आणि खर्च

१९६६ पूर्वीच्या सलून गाड्यांच्या, म्हणजे घरगुती वापराच्या बंद छपराच्या मोटारींच्या, शर्यती ब्रिटनमध्ये ब्रँड्स हॅच, सिल्व्हरस्टोन, ऑल्टन पार्क आणि गुडवुड या ट्रॅकांवर आजही होतात. त्यांत उतरू इच्छिणारा नवा माणूस बहुधा आधी गाडी घेतो, मग तिला साजेशी शर्यत शोधतो आणि सगळ्यात शेवटी कागदपत्रांकडे वळतो. हा क्रम पूर्णपणे उलटा हवा. आधी एक अख्खा मोसम गाडी चालवायला किती पैसे लागतील याचा हिशोब करून ती रक्कम बाजूला ठेवावी, मग वर्ग, म्हणजे कोणत्या काळातल्या गाड्यांच्या गटात धावायचे ते, निवडावा, त्या वर्गाचे नियम आणि कागद समजून घ्यावेत आणि त्यानंतरच गाडीला हात लावावा. अर्धवट घडवलेल्या शर्यतीच्या गाड्या विक्रीला नेहमीच दिसतात आणि त्यांतल्या बहुतेक तांत्रिक अडचणीमुळे नव्हे, तर हा क्रम चुकल्यामुळे अर्धवट राहिलेल्या असतात.

वर्ग निवडण्यासाठी थोडा इतिहास माहीत असावा लागतो, कारण आजचे नियम त्यातूनच आलेले आहेत. ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद १९५८ साली सुरू झाले. त्या पहिल्या मोसमात जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण समान झाले आणि ब्रँड्स हॅच येथे दोन सारख्या रायली १.५ गाड्या देऊन त्यांच्यात निर्णायक लढत लावण्यात आली. ती सीअर्स यांनी जिंकली. पुढच्या काही वर्षांत मिनी, फोर्ड लोटस कॉर्टिना, जॅग्वार आणि अमेरिकेहून आणलेली सात लिटरची फोर्ड गॅलॅक्सी एकाच शर्यतीत धावत असत, आणि १९६४ चे अजिंक्यपद जिम क्लार्क यांनी लोटस कॉर्टिनावर मिळवले. १९६६ पासून या अजिंक्यपदाने ग्रुप ५ चे नियम स्वीकारले आणि गाडीत करता येणाऱ्या बदलांची मुभा फार वाढली. १९६५ पर्यंतच्या गाड्यांना ती मुभा नव्हती, म्हणून पैसा ओतून वेग विकत घेण्यालाही मर्यादा होती. नव्याने येणाऱ्याने १९६६ पूर्वीचाच वर्ग घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो त्याचे कारण हेच आहे.

या वर्गात गाडी कोणती घ्यावी? हिलमन इम्प सर्वांत स्वस्तात मिळते, मागे बसवलेले तिचे ८७५ सीसीचे अॅल्युमिनियमचे इंजिन अप्रतिम आहे, पण ते तापले की हेड गॅस्केट जाते, त्यामुळे पाण्याच्या व्यवस्थेकडे सतत लक्ष द्यावे लागते. फोर्ड अँग्लिया साधी आणि दणकट आहे. जॅग्वार आणि गॅलॅक्सी यांचे वजन ब्रेक आणि टायर खाऊन टाकते, म्हणून त्या पहिल्या गाडीसाठी नकोत. लोटस कॉर्टिना ही या वर्गाची राणी आहे. वळणावर आतले पुढचे चाक हवेत उचलून धावणारी क्लार्क यांची गाडी ज्यांनी छायाचित्रात पाहिली आहे, त्यांना तिची ओढ का वाटते हे सांगावे लागत नाही. मात्र तिचे १५५८ सीसीचे ट्विन कॅम इंजिन शर्यतीसाठी नीट बांधून घ्यायचे तर वीस हजार पौंडांच्या पुढेच विचार करावा लागतो आणि चांगली घडवलेली संपूर्ण गाडी एक लाख पौंडांच्या आसपास जाऊ शकते. माझे मत मिनी कूपर एसच्या बाजूने आहे. तिचे सुटे भाग मिळतात, तिला जाणणारे कारागीर सापडतात आणि ती विकायची झाली तर गिऱ्हाईकही मिळते.

कागद आधी, पत्रा नंतर

ऐतिहासिक शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियम एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या अपेंडिक्स के या दस्तऐवजात आहेत. त्यात गाड्यांचे काळानुसार विभाग केले आहेत; सलून गाड्यांसाठी १९४७ ते १९६१ हा ई विभाग आणि १९६२ ते १९६५ हा एफ विभाग. त्याखेरीज प्रत्येक मॉडेलचा त्या काळात मंजूर झालेला होमोलोगेशन फॉर्म, म्हणजे शर्यतीसाठी मान्य झालेल्या रचनेची नोंद, असतो आणि गाडीत काय चालेल आणि काय नाही, याचा खरा निवाडा तोच करतो. चाकांची रुंदी, कार्ब्युरेटर, गिअरची गुणोत्तरे, ब्रेकचा आकार या सगळ्याची नोंद त्यात आणि त्याला नंतर जोडलेल्या पुरवण्यांत असते. पहिली खरेदी करायची ती या फॉर्मच्या प्रतीची. तो समोर ठेवून भागांची यादी करावी आणि यादीत नसलेली कोणतीही वस्तू, ती कितीही स्वस्तात मिळत असली तरी, घेऊ नये.

गाडी नियमांत बसते असे ठरले की तिला हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट मिळतो. ब्रिटनमध्ये त्याचा अर्ज मोटरस्पोर्ट यूके या तिथल्या मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेमार्फत होतो. शर्यतींच्या काही मालिका हा पासपोर्ट सक्तीचा करतात, काही क्लब तो नसतानाही नियमांना धरून असलेली गाडी स्वीकारतात, तेव्हा ज्या मालिकेत धावायचे तिच्या व्यवस्थापकांना आधीच विचारून घ्यावे. हा पासपोर्ट गाडीची रचना त्या काळाप्रमाणे आहे एवढेच सांगतो. ती गाडी त्या काळी खरोखर शर्यतीत धावली होती, असा त्याचा अर्थ नाही. विक्रेता पासपोर्ट दाखवून इतिहासाचे पैसे मागू लागला, तर जुनी छायाचित्रे आणि नोंदी वेगळ्या मागाव्यात.

आता मुख्य प्रश्न असा की गाडी स्वतः घडवावी की धावती विकत घ्यावी. हिशोब करून पाहू. चांगल्या वर्कशॉपचा दर करांशिवाय ताशी ७० पौंड धरला आणि शेल, म्हणजे गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा, दुरुस्त करण्यापासून गाडी ट्रॅकवर उतरेपर्यंत ५०० तास लागले असे मानले, तर नुसती मजुरी ३५ हजार पौंड होते. ब्रिटनचा वीस टक्के व्हॅट मिळवला की ती ४२ हजारांवर जाते आणि अजून एकही सुटा भाग घेतलेला नसतो. पासपोर्टसह धावती मिनी कूपर एस साधारण ४० हजार पौंडांपासून पुढे मिळते. म्हणजे ज्याला सगळे काम बाहेरून करून घ्यायचे आहे त्याने गाडी घडवूच नये. दुसऱ्याने घडवलेली आणि दोन मोसम चाललेली गाडी घ्यावी. घडवण्यात अर्थ आहे तो ज्याच्या स्वतःच्या हातात कौशल्य आहे त्याला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली घरची फियाट ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली, पॉइंट घासून गॅप लावला, कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकले, अशा आणि आता ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या मराठी वाचकांकडे हे कौशल्य आयतेच आहे. त्यांनी स्वतःला कमी लेखू नये.

घडवायचे ठरले तर

सुरुवात शेलपासून करावी आणि चांगला शेल मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. मिनीत पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: दोन्ही बाजूंचे सिल, पुढच्या चाकांमागचा पत्रा, मागची सबफ्रेम जिथे बोल्टने बसते तो भाग आणि डिकीचा तळ. वरून रंग चकाकत असला तरी खाली स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. गंजलेला पत्रा आत जातो आणि पुटीने भरलेली जागा बद्द वाजते. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, वेल्ड करून बसवायची असल्याने तिच्या पायांखालचा पत्रा निरोगी असलाच पाहिजे. एफआयएच्या सर्वसाधारण नियमांत केजच्या मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची, जोडरहित पोलादी नळी सांगितलेली आहे. केज बसवून झाल्यावरच रंग द्यावा, कारण आधी दिलेला रंग वेल्डिंगने जळतो आणि ते काम दोनदा करावे लागते.

इंजिनाच्या बाबतीत दृष्टीला पडणारी एक खूण सांगतो. खऱ्या १२७५ सीसी कूपर एस इंजिनाच्या ब्लॉकला मागच्या बाजूस टॅपेटवरची काढता येणारी पत्र्याची झाकणे असतात आणि त्याचे हेड नेहमीच्या नऊऐवजी अकरा ठिकाणी कसलेले असते. पुढच्या काळातल्या १२७५ ब्लॉकवर ती झाकणे नाहीत. दुकानात किंवा कुणाच्या गॅरेजात ‘एसचे इंजिन’ म्हणून काही दाखवले गेले, तर किंमत विचारण्याआधी टॉर्च घेऊन एवढे पाहून घ्यावे. ७०.६ मिलिमीटरचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवला की क्षमता १२९३ सीसी होते आणि गाडी १३०० सीसीपर्यंतच्या गटातच राहते, म्हणून शर्यतीची बहुतेक इंजिने या मापाची असतात. मिनीचे हे ए-सिरीज इंजिन पूर्ण शर्यतीसाठी जाणकाराकडून बांधून घ्यायला साधारण दहा हजार पौंड धरावेत. त्यातली बचत हेडवर करावी, क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, करू नये. हेड साधेच असेल तर गाडी जरा हळू धावेल इतकेच, पण क्रँक तुटला तर ब्लॉक, कनेक्टिंग रॉड आणि गिअरबॉक्सचे कवच हे सगळे एकदम जाते.

गिअरबॉक्सचे कवचही जाते, कारण मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच, त्याच तेलात बसलेला असतो. यामुळे एकाचा कचरा दुसऱ्यात जातो, पण तपासणीसाठी तेवढीच सोयही होते. प्रत्येक शर्यतीनंतर तेल गरम असतानाच काढावे आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते बोटांच्या चिमटीत घासून पाहावे. करडी, लोण्यासारखी पेस्ट असली तर चिंता नाही. टोचणारा कण किंवा चकाकणारा कपचा हाताला लागला, तर इंजिन उतरवावे आणि गिअरबॉक्स खोलावा. पुढची शर्यत जवळ आली आहे म्हणून ते काम पुढे ढकलू नये. लोटस कॉर्टिना घेणाऱ्याने असेच लक्ष मागच्या अॅक्सलकडे द्यावे. सुरुवातीच्या गाड्यांत ए आकाराची एक चौकट डिफरन्शियलच्या खाली जोडलेली असे, तिच्या ताणाने कवचाचे बोल्ट सैल होऊन तेल गळे आणि ते तेल रबरी बुशांवर पडून बुश मऊ पडत. १९६५ च्या मध्यात कंपनीने ही रचना सोडून साधे पाटे (लीफ स्प्रिंग) लावले. दोन्ही रचना नियमांत बसतात, पण रोज सांभाळायला पाट्यांची गाडी सोपी आहे.

सीट, पट्टे, आग विझवण्याची यंत्रणा, हेल्मेट आणि मानेचे संरक्षण यांवर काटकसर करू नये. सीट आणि पट्ट्यांवर मुदत छापलेली असते आणि ती उलटली की वस्तू कितीही नवी दिसली तरी तपासनीस गाडी बाहेर काढतो. जुनी शर्यतीची गाडी घेताना या तारखा वाचून घ्याव्यात आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.

मोसमाचा खर्च

लहान गाडी म्हणजे कमी खर्च, असे खरेदीच्या वेळी वाटते. मोसमभर चालवताना हा फरक बराच कमी होतो. प्रवेश शुल्क गाडीच्या आकारावर ठरत नाही, एका शर्यतीचे ते काहीशे पौंड असते. ट्रेलर, तो ओढणारी गाडी, इंधन आणि रात्रीचा मुक्काम सगळ्यांना सारखाच. १९६६ पूर्वीच्या गाड्यांना जुन्या घडणीचे डनलॉप रेसिंग टायर वापरावे लागतात आणि चारांचा संच हजार पौंडांच्या वर जातो. मिनीत पुढचीच चाके ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा भार घेतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. ते वेळेवर मागे फिरवले तर संच जास्त शर्यती टिकतो. इंजिन किती तास चालले याची वही ठेवावी आणि ठरलेल्या तासांनंतर ते बिघडण्याची वाट न पाहता खोलावे. यासाठी प्रत्येक शर्यतीमागे थोडी रक्कम वेगळी काढत राहणे हा एकमेव मार्ग मला विश्वासाचा वाटतो. आणि ट्रॅकवर झालेल्या नुकसानीला घरचा मोटार विमा लागू होत नाही. त्याचा वेगळा विमा महाग असतो, म्हणून अनेक जण एक मडगार्ड, एक दार आणि पुढचे पॅनेल असे सुटे पत्रे आधीच घेऊन ठेवतात.

परवान्यासाठी मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलमध्ये लेखी आणि ट्रॅकवरची परीक्षा द्यावी लागते. ती गाडी घडत असतानाच देऊन टाकावी, म्हणजे मोसम हातचा जाणार नाही. गुडवुड रिव्हायव्हल या ऐतिहासिक शर्यतींच्या मेळाव्यातील सेंट मेरीज ट्रॉफी या सलून शर्यतीचे स्वप्न सगळ्यांना पडते, पण तिथे आमंत्रणानेच जाता येते. पहिली शर्यत क्लबची आणि छोटीच घ्यावी. नवशिक्याच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावलेली असते; ती पाहिली की मागचे चालक जपून ओव्हरटेक करतात. त्या शर्यतीत आपली रेषा सोडू नये, आरशात पाहत राहावे, गाडी आहे तशी ट्रेलरवर परत चढवावी आणि दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत.