चिनी कलेचा अभिरक्षक व्हायचे असेल तर

संग्रहालयातील चिनी दालनाचा अभिरक्षक, म्हणजे ज्याला आपण सर्रास क्युरेटर म्हणतो, दिवसभर फुलदाण्या न्याहाळत बसतो अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ नोंदवह्या, विमा, इतर संग्रहालयांशी होणारे देवघेवीचे करार आणि वस्तूंशेजारच्या पाट्यांचा मजकूर यांतच जातो. हे मान्य असेल तरच पुढे वाचावे.

सुरुवात भाषेपासून करावी, आणि माझ्या मते ती पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या आधीच करावी, कारण कलेचा इतिहास तिशीतही शिकता येतो, पण चिनी लिपी अंगवळणी पडायला वर्षे लागतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि शांतिनिकेतनच्या चीना भवनात (स्थापना १९३७) तिचे रीतसर शिक्षण मिळते. मात्र वस्तूंवरचे लेख बहुधा अभिजात चिनीत असतात. ते वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात आणि त्यांत विरामचिन्हे नसतात, म्हणून बोलीभाषेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही तेथे नव्याने धडे गिरवावे लागतात. शिवाय चिनी नावे रोमन अक्षरांत लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: जुन्या इंग्रजी सूचींत ती वेड-जाइल्स पद्धतीने लिहिलेली असतात आणि आजच्या सूचींत पिनयिन पद्धतीने. एकाच भट्टीचे नाव दोन कार्डांवर दोन तऱ्हांनी सापडले तर ती दोन गावे नव्हेत, हे ओळखता आले पाहिजे.

पदवीसाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग हा जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. लंडनच्या सोआस संस्थेत आशियाई कलेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. परदेशातील मोठ्या संग्रहालयांत स्वतंत्र पदासाठी बहुतेक ठिकाणी पीएच.डी.ची अपेक्षा असते.

डोळा तयार होतो तो मात्र वस्तूंपुढे. मुंबईकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी पोर्सेलीनची भांडी आणि जेडच्या वस्तू आहेत. एकाच कपाटासमोर महिनाभर दर आठवड्याला उभे राहावे आणि दरवेळी एकाच वस्तूचे वर्णन लिहावे. चौथ्या वेळी काय दिसते ते पाहण्यासारखे असते.

हाताळण्याची परवानगी मिळाली की आधी अंगठ्या, घड्याळ आणि गळ्यातले ओळखपत्र काढून ठेवावे. टेबलावर मऊ थर असावा. भांडे कानाला किंवा काठाला धरून कधीही उचलू नये. एक हात बुडाखाली आणि दुसरा अंगाला, आणि झाकण असेल तर ते आधी वेगळे काढून ठेवावे. झिलईदार भांड्यांना सुती हातमोजे नकोत, कारण ते घसरतात. स्वच्छ कोरडे हात किंवा नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे बरे. मग बूड पाहावे. झिलई न लागलेली पायाची कडा, तिला चिकटलेली भट्टीतली वाळू आणि मातीचा रंग या गोष्टी वरच्या नक्षीपेक्षा पुष्कळदा अधिक सांगतात.

बुडावर निळ्या रंगात सहा अक्षरे असतील तर त्यांचा अर्थ साधारणपणे ‘महान मिंग घराण्याच्या चेंगहुआ कारकिर्दीत बनवलेले’ अशा धर्तीचा असतो. नवखा माणूस ते वाचून लगेच १४६५ ते १४८७ हा काळ लिहून मोकळा होतो. पण कांगशी सम्राटाच्या काळात, म्हणजे १६६२ ते १७२२ दरम्यान, चेंगहुआची मुद्रा असलेली भांडी मोठ्या संख्येने बनली. १६७७ मध्ये तर जिंगदेजेन या पोर्सेलीनच्या भट्ट्यांच्या गावातील स्थानिक अधिकाऱ्याने चालू सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली होती. त्यामुळे मुद्रा हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे, आणि अशा प्रत्येक भांड्याला बनावट ठरवणेही चूकच, कारण पुष्कळदा तो जुन्या कारागिरांना केलेला मुजरा असतो.

याच्या उलट, लेख निर्णायक ठरल्याचे उदाहरण म्हणजे मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेले सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहातील फुलदाण्यांची जोडी. मानेवरच्या केळीच्या पानांच्या नक्षीत लिहिले आहे की झांग वेनजिन नावाच्या भक्ताने १३५१ मध्ये, कुटुंबाच्या क्षेमासाठी, धूपदाणीसह हा संच देवळाला वाहिला. धूपदाणी आजतागायत सापडलेली नाही. या जोडीशी ताडून पाहूनच इस्तंबूल आणि इराणमधील अर्देबिल येथील संग्रहांतली चौदाव्या शतकातली निळी-पांढरी भांडी अभ्यासकांना ओळखता आली. डेव्हिड यांचा सुमारे १,७०० वस्तूंचा संग्रह २००९ पासून ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात आहे. लंडनला जाणाऱ्याने तेथे निदान एक पूर्ण दिवस काढावा.

रेशमावरची आणि कागदावरची चित्रे ही वेगळीच शिस्त मागतात. आडवे गुंडाळी-चित्र एका वेळी हातभर, उजवीकडून उलगडत पाहायचे असते. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आसपास, म्हणजे मंद ठेवतात आणि ठरावीक काळानंतर चित्र अंधारात विश्रांतीला पाठवतात. ‘लांबून आलो आणि चित्रच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या पाहुण्याला हे समजावून सांगणेही याच नोकरीचा भाग आहे.

वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हा शोध तर आता टाळताच येत नाही. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन राजवाडा लुटला आणि १९०७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांनी वायव्य चीनमधील दुनहुआंगच्या गुहेतून हस्तलिखिते व चित्रे नेली. स्टाइन यांच्या मध्य आशियाई संग्रहाचा मोठा वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणजे हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. खरेदी किंवा देणगी स्वीकारताना सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणारा युनेस्कोचा १९७० चा करार ही सर्वसाधारण सीमारेषा मानली जाते. त्यानंतरच्या स्थलांतराची कागदपत्रे नसतील तर वस्तू कितीही देखणी असली तरी नाही म्हणावे लागते.

भारतात निव्वळ चिनी कलेसाठी राखलेली पदे क्वचितच निघतात, बहुधा ती ‘सजावटी कला’ या विभागात सामावलेली असतात. म्हणून जोडीला दुसरा विषय हाताशी ठेवावा. पश्चिम भारतासाठी चीनशी झालेला सागरी व्यापार हा त्या दृष्टीने उत्तम विषय आहे, कारण पारशी कुटुंबांतले चीनमधल्या कँटन बंदराहून आलेले भरतकामाचे गारे (साड्या) आणि काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रे यांवर करण्यासारखे काम अजून पुष्कळ आहे. अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या जोडीने एका वस्तूची स्वतः लिहिलेली नोंद जोडावी: मोजमापे मिलिमीटरमध्ये, लेखाचे मूळ अक्षरांतले वाचन आणि भाषांतर, दुरुस्तीच्या खुणा, मालकांची साखळी, आणि साखळीत जेथे खंड आहे तेथे तसे स्पष्ट लिहिलेले.