टँजियर ते फेज: इब्न बतूताच्या गावांना निघण्याआधी

इब्न बतूता हा चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी, पार आपल्या मुलखापर्यंत येऊन गेलेला. त्याची सगळी वाट धरायची म्हटली तर जन्म पुरायचा नाही. म्हणून पहिली तयारी काटछाटीची. मोरोक्कोतली दोनच गावं धरा. टँजियरहून तो १३२५ साली, ऐन एकविशीत, हजसाठी एकटाच बाहेर पडला. फेजमध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी परतल्यावर, सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्याने सगळी भटकंती इब्न जुझय्य या लेखकाला सांगितली आणि त्या लेखकाने ती लिहून काढली.

त्याचा ‘रिहला’, म्हणजे हेच प्रवासवर्णन, सोबत घ्या, पण निघण्याआधी देवगिरी आणि नंदुरबारची पानं वाचून ठेवा. देवगिरीच्या कोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर आहेत, मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असं तो सांगतो. वर तिथे कैदेत राहिलेल्या एका अफगाण सरदाराची हकीकतही जोडतो. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल मात्र सरळ लिहितो: कसबी कारागीर, वैद्य, ज्योतिषी, जेवणात भात, भाजी, तिळाचं तेल. ओळखीच्या मुलखात त्याला असं पारखून घेतलं, की बाकीचं पुस्तक वाचताना कुठे मान डोलवायची आणि कुठे हसायचं ते कळतं.

व्हिसाचे नियम बदलतात, तेव्हा सरकारी संकेतस्थळच बघा, एजंटाच्या तोंडी भरवशावर राहू नका. दिरहम, म्हणजे मोरोक्कोचं चलन, तिथे उतरल्यावरच घ्या आणि परतण्याआधी संपवा. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो. त्या महिन्यात दिवसा खाणावळी बहुतेक बंद, रात्री मात्र गाव जागं. शुक्रवारी फेजचा जुना बाजार बराचसा बंद असतो. टँजियरहून ‘अल बुराक’ ही वेगवान गाडी पकडा आणि फेजसाठी केनित्राला बदला.

फेजच्या जुन्या शहरात मोटारी जात नाहीत, सामान खेचरांवरून येतं. चाकांची मोठी बॅग तिथल्या चढ-उतारांवर जीव काढते. पाठीवरची सॅक बरी. मागून ‘बालाक!’ (बाजूला व्हा!) अशी आरोळी आली की भिंतीला चिकटा.

मशिदींत मुसलमानेतरांना सहसा प्रवेश नाही. फेजची करावियीन मशीद दारातूनच बघावी लागते. त्याची भरपाई बू इनानिया मदरशात होते. तो याच अबू इनानने बांधला आणि तो पाहायला सगळ्यांना मुभा आहे. टँजियरमधली इब्न बतूताची म्हणून दाखवतात ती कबर अगदी छोटी आहे. ती खरंच त्याचीच का, याबद्दल शंका घेतली जाते. तरी जा, त्या गल्ल्या बघण्यासाठी.

शाकाहारी असाल तर ‘भाजीचं ताजीन’ (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) एवढ्यावर विसंबू नका. रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारा. त्यासाठी फ्रेंचमधलं एखादं वाक्य कागदावर लिहून न्या. सकाळी बिसारा मागा: बाकल्याच्या शेंगांतल्या सुक्या दाण्यांचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरं. चिवडा-मेतकूट डब्यात असू द्या, पण पहिल्याच दिवशी उघडू नका.