४०७ चा जाम झालेला टाय रॉड एंड आणि ड्रॉप आर्म घरी कसा काढायचा

आमचं रत्नागिरीच्या बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांच्या वाहतुकीचं काम, गाडी टाटा ४०७, आणि पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की धंदा बंद, त्यामुळे गाडीची मोठी कामं आम्ही त्याच दिवसांत अंगणातल्या शेडखाली उरकतो. स्टीअरिंगचं काम ऐकायला सोपं वाटतं, नट खोला, जुना पार्ट काढा, नवा घाला. पण नट निघाला तरी पार्ट जागचा हलत नाही, आणि मग माणूस चिडून हातोडा उचलतो, तिथेच नुकसान होतं.

आधी तो का अडकतो ते समजून घ्या. टाय रॉड म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, आणि एंड म्हणजे त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, गोळीचा सांधा. टाय रॉड एंडचा स्टड, म्हणजे त्यातून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, खाली-वर सारखा जाड नसतो, शंकूसारखा निमुळता असतो, आणि चाकाकडच्या ज्या लोखंडी आर्ममध्ये तो बसतो त्याचं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की स्टड त्या भोकात ओढला जातो आणि लोखंड लोखंडाला घट्ट धरतं. त्यात आमच्याकडची खारी हवा आणि लाल चिखल, दोन-चार वर्षांत असा गंज धरतो की नट नसला तरी ते सुटत नाही. म्हणजे इथे ताकद लावून खेचण्यापेक्षा ती पकड झटक्याने सोडवायची असते. हे डोक्यात बसलं की पुढचं काम सोपं.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, पुढची बाजू जॅकने उचला आणि अॅक्सलखाली दोन्हीकडे स्टँड लावूनच आत शिरा. नुसत्या जॅकवर अजिबात नाही, गाडी रिकामी असली तरी दोन टनांच्या वर वजन आहे. आणि आमच्या भागातल्यांना हात जोडून सांगतो, हाताशी आहे म्हणून टेकूला चिरा लावू नका. जांभा भिंतीत वर्षानुवर्षं टिकतो पण लोखंडी अॅक्सलचं वजन एकाच जागी आलं की कधी फुटेल सांगता येत नाही, विटा आणि सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच.

आता वायरब्रशने सांधा स्वच्छ घासा, आटे दिसले पाहिजेत. डब्ल्यूडी-४० सारखं गंज सोडवणारं ऑइल नटावर आणि आर्म-स्टडच्या फटीत मारा आणि शक्यतो रात्रभर सोडा, मधे दोनदा परत मारा. घाई असेल त्याच दिवशी हे काम जास्त अडतं असा माझा अनुभव आहे, म्हणून आदल्या संध्याकाळीच ऑइल मारून ठेवतो.

सकाळी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून त्यातून घातलेली दुमडलेली तार) सरळ करून काढा, तुटली तर बारीक पंचने ठोकून बाहेर काढा. नट सैल करा पण पूर्ण काढू नका, तीन-चार आटे धरलेला राहू द्या. एकतर सांधा अचानक सुटला तर रॉड तोंडावर येत नाही, दुसरं म्हणजे आटे वाचतात. पहिल्यांदा मी नट काढून सरळ स्टडच्या टोकावर मारलं होतं, टोक चपटं होऊन पसरलं आणि नंतर ते भोकातून निघेना, शेवटी ग्राइंडरने कापावं लागलं.

मारायचं ते आर्मच्या टोकावर, बाजूने, जिथे भोक आहे त्या गोल भागाच्या कडेवर. एका बाजूला जड हातोडा किंवा घण टेकवून कुणालातरी घट्ट धरायला सांगा आणि समोरच्या बाजूने दोन किलोच्या हातोडीने खणखणीत चार-पाच घाव घाला, अलगद शंभर वेळा टकटक करून काही होत नाही. भोक क्षणभर किंचित दबतं आणि पकड सुटते, ठक्कन आवाज येतो आणि रॉड सुटून नटावर लटकतो. चष्मा घाला, गंजाचे आणि लोखंडाचे कण उडतात. तरी नाही निघालं तर बॉल जॉइंटचा पुलर, म्हणजे स्क्रू आवळून सांधा ओढून काढायचं अवजार, लावून ताण द्या आणि ताण असतानाच बाजूने मारा, दोन्ही एकत्र केलं की बहुतेक वेळा निघतंच. फोर्क, म्हणजे ती दोन दातांची पाचर, ठोकली तर रबर फाटतं, त्यामुळे एंड फेकायचाच असेल तरच वापरा.

टाय रॉडवरून एंड फिरवून काढण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा. दोन्ही टोकांच्या स्टडमधलं अंतर टेपने मोजा, आणि एंड निघेपर्यंत किती फेरे झाले ते मोजा. एका बाजूचे आटे उलटे असतात, ते विसरून जोर लावला की उलट आवळलं जातं.

ड्रॉप आर्म, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकांकडच्या दांड्यांना देणारा आर्म, ही वेगळी गोष्ट. तो स्टीअरिंग बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर दातांमध्ये बसलेला असतो, आणि इथे हातोडा मारायचा मोह झाला तरी आवरा, कारण शाफ्टवर बसलेला घाव थेट आतल्या बेअरिंगवर आणि दातांवर जातो आणि बॉक्सचा खर्च आर्मच्या कितीतरी पट. चाकं सरळ करा. नट खोलण्याआधी आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर एका रेषेत पंचची खूण करा, कंपनीची खूण असली तरी गंजात दिसत नाही, आणि एक दात जरी चुकला तरी चाकं सरळ असताना स्टीअरिंग वाकडं राहतं. नट शाफ्टच्या टोकाच्या पातळीपर्यंत सैल करून ठेवा, जाड ड्रॉप आर्म पुलर लावा (साधा तीन पायांचा पुलर निसटतो), स्क्रूच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावा आणि आवळत जा. पुलरच्या समोर तोंड ठेवू नका. स्क्रू फिरायचा थांबला की आर्मच्या कडेवर बाजूने बेताचा एक-दोन ठोके, मग अर्धा तास तसाच ताणात सोडा, परत थोडा आवळा. आमचा एकदा दुपारी लावलेला पुलर रात्री जेवताना आपोआप सुटल्याचा आवाज आला.

गॅसवर तापवायचा सल्ला बरेच जण देतात. मी तापवत नाही. आर्म फोर्ज करून ठरावीक तापमानाला कडक केलेला असतो, लाल केला की तो कडकपणा जातो, शिवाय बॉक्सचं ऑइल सील जळतं, आणि बंद बॉल जॉइंट तापला तर फुटूही शकतो. पुलरनेही नाही निघाला तर गॅरेजमध्ये न्या, त्यात काही कमीपणा नाही. आर्म निघाल्यावर स्टीअरिंग उगाच दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून आपटू नका, बॉक्स आतून खराब होतो.

बसवताना निमुळता भाग आणि भोक कोरड्या फडक्याने पुसा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट फिरवताना स्टडच फिरायला लागला तर त्याला छोट्या जॅकने दाबून धरा, म्हणजे पकड बसेल. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळा, पिनचं भोक जुळत नसेल तर थोडा पुढे आवळा, मागे कधीही फिरवू नका, आणि स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीच. मोजून ठेवलेलं अंतर परत जुळवा, क्लॅम्पचे बोल्ट आवळा, आणि तेवढ्यावर न थांबता अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात. पहिली फेरी रिकामी आणि हळू मारा, आल्यावर एकाला स्टीअरिंग थोडं थोडं हलवायला लावून खालून प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघा.