छापील लेखनाचे पडसाद ग्रंथालयात कसे शोधावेत

एखाद्या लेखावर किंवा पुस्तकावर त्या काळी कोण काय म्हणाले, हे शोधायचे असेल तर मूळ मजकूर प्रथम कोणत्या महिन्याच्या कोणत्या अंकात छापला गेला, हे आधी निश्चित करावे. केवळ पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावर विसंबू नये, कारण पुस्तकातील लेख पुष्कळदा आधी नियतकालिकात येऊन गेलेले असतात आणि वादही तेव्हाच रंगून विझलेला असतो. अंकावर शके असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवावेत. माघ-फाल्गुनाच्या अंकांसाठी ७९.

लेखन मराठवाड्यातील असेल तर मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’, गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ आणि अनंत भालेराव संपादक असतानाचे दैनिक ‘मराठवाडा’ यांच्या फायली प्रथम मागवाव्यात. सप्टेंबर १९४८ पूर्वी हा भाग निजामाच्या राज्यात असल्याने त्या काळासाठी हैदराबादची उर्दू वृत्तपत्रेही चाळावी लागतात. लिपी येत नसेल तर जाणकाराला सोबत घ्यावे.

फाईल हाती आली की अनुक्रमणिका पाहून ती परत करण्याचा मोह होतो. तो टाळावा. वाचकांची पत्रे, संपादकीय टिपणे आणि आलेल्या पुस्तकांची पोच देणाऱ्या ‘साभार पोच’ या सदरातल्या दोन ओळी अनुक्रमणिकेत क्वचितच येतात. त्यासाठी मूळ लेखानंतरच्या निदान वर्षभराच्या अंकांची पाने एकेक करून उलटावीत. दिवाळी अंकातील लेखाला उत्तर पुढच्या दिवाळीलाही आलेले असू शकते. आणखी एक अडचण बांधणीची. बारा अंक एकत्र शिवताना बाइंडर मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकतो, आणि मलपृष्ठाच्या आत छापलेला खुलासा त्यांच्याबरोबरच जातो. म्हणून ग्रंथपालांकडे सुटे अंक आहेत का, हे आवर्जून विचारावे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली असेल तर तिची प्रस्तावना वाचावी. टीकाकारांना लेखक पुष्कळदा तिथेच, नावे न घेता, उत्तर देतो.

प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र चिठ्ठी करून तीवर नियतकालिक, वर्ष, अंक व पृष्ठ लिहावे. एका वाचनालयात मी पृष्ठांक न लिहिता तीन परीक्षणे उतरवून घेतली आणि त्यापायी दुसऱ्यांदा एसटीचा प्रवास केला. न मिळालेल्या अंकांचीही वेगळी यादी ठेवावी, म्हणजे ‘प्रतिक्रिया आली नाही’ आणि ‘अंक पाहायला मिळाला नाही’ यांची पुढे गल्लत होत नाही.