वर्गातला कचरा आणि विजेचा अपव्यय पाठाच्या आखणीतूनच कसा कमी करावा

कोपऱ्यात दोन रंगांचे डबे ठेवून आणि भिंतीवर झाडे वाचवण्याचा तक्ता लावून वर्ग पर्यावरणपूरक होत नाही. किती कागद, किती थर्माकोल आणि किती वीज लागणार, हे शिक्षक पाठाची आखणी करतात तेव्हाच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून सुरुवात आखणीच्या वहीपासूनच करावी.

१. आधी मोजा

एक आठवडा रोज शाळा सुटल्यावर कचऱ्याचे तीन ढीग करा (कागद, प्लास्टिक-थर्माकोल आणि ओला) आणि वजन लिहून ठेवा. हा पहिला आठवडा गाजावाजा न करता मोजा. आधी सांगितलं की सगळेच तेवढ्यापुरते जपून वागतात. फोटोकॉपी यंत्राच्या काउंटरवरचा आकडा आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टिपून घ्या. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद ५ ग्रॅमचा असतो. ४० मुलांना रोज एकच कार्यपत्रिका दिली, तरी २०० दिवसांत ८,००० कागद, म्हणजे १६ रिमं, ४० किलो होतात.

२. कार्यपत्रिका चाळून घ्या

प्रत्येक कार्यपत्रिकेबद्दल विचारा: हा कागद उद्या कुणाला लागणार आहे का? नुसत्या सरावाची उदाहरणं पाटीवर सोडवून घ्या. मुलांनी एकदम पाट्या वर धरल्या की कोण अडलंय तेही लगेच दिसतं. जपून ठेवायचं लेखन वहीत जाऊ द्या. छापायला उरतात ते नकाशे, आकृत्या आणि मोठे उतारे.

तेही दर जोडीला एक, म्हणजे ४० मुलांसाठी २० प्रती, पाठपोट छापा आणि पारदर्शक कव्हरमध्ये घाला. उत्तरं वहीत लिहायची, म्हणजे तोच संच इतर तुकड्यांना आणि पुढच्या वर्षीही चालतो. लॅमिनेशन मात्र टाळा: प्लास्टिक चिकटलेला कागद रद्दीत घेतला जात नाही. कागद वाचवण्यासाठी अक्षर १२ पॉइंटपेक्षा बारीक करू नका, कमी दिसणारी मुलं मागे पडतात. आणि फक्त कागद वाचावा म्हणून नवे टॅब घेणं तर उलटंच ठरतं, कारण टॅबमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो.

३. प्रकल्पाची सूचना बदला

सगळ्यात जास्त सुधारणा इथे शक्य आहे. ‘प्रतिकृती करून आणा’ एवढंच सांगितलं की थर्माकोल, चमकी आणि नवे कार्डशीट विकत आणलं जातं, आणि प्रदर्शन संपताच सगळं कचऱ्यात जातं. चमकी म्हणजे सूक्ष्म प्लास्टिकच; ती लागलेला कागदही रद्दीच्या कामाचा राहत नाही. त्याऐवजी सूचना अशी लिहा:

- चौघांचा गट, एक प्रतिकृती. ४० ऐवजी १० होतात.
- साहित्य वापरलेलंच हवं. थर्माकोल आणि चमकी चालणार नाही.
- भाग चिकटपट्टीऐवजी खाचा, दोरा किंवा खळ वापरून जोडावेत.
- १० पैकी २ गुण, प्रतिकृती सुटी करून भाग वेगळे करता येतात का, याला.

गुणांची ओळ गाळू नका. गुण नसतील तर चकचकीत प्रतिकृतीच जिंकते आणि पुढच्या खेपेला सगळे थर्माकोलकडे वळतात. खळीसाठी एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, आणखी चार वाट्या पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत दाट करा. ती दोन-तीन दिवसांतच खराब होते, म्हणून लागेल तेवढीच करा.

एक धोका ध्यानात ठेवा: ‘टाकाऊतून टिकाऊ’साठी ऐनवेळी बाटल्या-खोकी मागितली, तर ती रिकामी करण्यासाठी नव्या वस्तू विकत आणल्या जातात. महिनाभर आधीच वर्गात एक खोका ठेवा आणि त्यात जे जमेल त्यावरच प्रकल्प बेता.

४. दिवे आणि प्रोजेक्टर

खिडकीलगतच्या दिव्यांच्या बटणांवर रंगीत ठिपका लावा आणि ऊन असेल तेव्हा ते दिवे बंद ठेवा. ३६ वॅटची जुनी ट्यूब चोकसह साधारण ४५ वॅट खाते, एलईडी ट्यूब १८ ते २०. जुनी ट्यूब गेली की एलईडी बसवा, पण इलेक्ट्रिशियनकडूनच, कारण जुन्या पट्टीची जोडणी बदलावी लागू शकते. गेलेली ट्यूब फोडू नका. तिच्यात पारा असतो.

दिव्याच्या प्रोजेक्टरचा पडदा काळा केला तरी आतला दिवा बहुधा जळतच असतो. सारखी चालू-बंद केल्यानेही दिव्याचं आयुष्य घटतं. म्हणून चित्रं आणि चित्रफिती तासाच्या एकाच भागात सलग दाखवा, मग प्रोजेक्टर बंद करा.

५. पुन्हा मोजा

सहा आठवड्यांनी तीच मोजणी त्याच पद्धतीने करा. परीक्षेचा किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडा नको, तुलना फसते. कागदाचा आकडा हलला नसेल, तर कोणत्या विषयाच्या प्रती जास्त निघतात ते पाहा आणि त्या विषयाच्या शिक्षकांबरोबर बसून पुढच्या घटकाच्या कार्यपत्रिका एकेक करून तपासा.