गोदामात जागा नाही म्हणताय? आधी वर बघा

गोव्यातली कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या, वेर्णा, कुंडई नाहीतर पिळर्ण, शेडचं भाडं ठरतं चौरस मीटरवर, वरच्या उंचीचं वेगळं बिल कोणी लावत नाही. तरी बऱ्याच गोदामांत माल माणसाच्या उंचीपर्यंत रचलेला आणि वर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं. दुसरा शेड शोधायच्या आधी ही जागा वापरून बघा.

सुरुवात टेपने. उंची मोजायची ती मधल्या टोकापर्यंत नाही, ट्रसच्या, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या सांगाड्याच्या, खालच्या दांडीपर्यंत, आणि भिंतीजवळ परत वेगळी, कारण आपल्याकडे पावसासाठी पत्रे चांगले उतरते घालतात, मधे सात मीटर वाटतात ते कडेला पाचच भरतात. त्यातून लाईट, पंखे, वायरिंग वजा करा. स्प्रिंकलर असतील तर त्यांच्याखाली निदान अर्धा मीटर सोडायचा, नाहीतर आग लागली की पाणी वरच्या खोक्यांवरच अडणार, खाली पोचणारच नाही. आणि ट्रसला काहीही टांगायचं नाही! तो पत्रे आणि वारा झेलायला बनवलेला असतो, तुमचा स्टॉक झेलायला नाही.

मग मालाची वाटणी. रोज निघणारा, अधूनमधून निघणारा आणि सीझनचा, असे तीन ढीग कागदावर करा. रोजचा माल कमरेपासून खांद्यापर्यंतच्या लेव्हलला, जड माल एकदम खाली, आणि वर जाणार तो फक्त हलका आणि सीझनचा. गोव्यात अशा मालाला काय तोटा, पावसाळ्यात शॅक बंद झाले की छत्र्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या येऊन पडतात त्या ऑक्टोबरपर्यंत कोणी विचारत नाही, चवथीच्या सजावटीचं सामान, नाताळचे स्टार, पॅकिंगचे रिकामे खोके, हे सगळं बिनधास्त वर. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भट्टी असते हे विसरू नका. चिकटपट्टी, गोंद, चॉकलेट, औषधं तिथे नकोत, थिनर आणि फेणीच्या पेट्या तर अजिबात नकोत, एक तर काच आणि त्यात पेट घेणारा माल. काजूची पोती पण खालीच बरी, पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर), भिंतीपासून जरा लांब.

आता रॅकवरचं वजन, आणि इथे घाई नको. ५० किलोची २० पोती म्हणजे एका पॅलेटवर एक टन, एका लेव्हलला दोन पॅलेट बसले की बीमच्या, म्हणजे आडव्या दांड्यांच्या, एका जोडीवर दोन टन. रॅकवाल्याकडून एका लेव्हलची क्षमता आणि पूर्ण बेची (दोन उभ्या खांबांमधल्या रॅकच्या भागाची) क्षमता दोन्ही लेखी घ्या आणि बोर्ड करून रॅकवरच लावा. एक गोष्ट खूप जणांना माहीतच नसते, खाली उंच माल बसत नाही म्हणून सगळ्यात खालचा बीम काढला किंवा वर सरकवला तर उभ्या खांबाचा बिनआधाराचा भाग वाढतो आणि अख्ख्या रॅकची ताकद कमी होते, वरचा माल तेवढाच असला तरी. त्यामुळे बीम हलवायच्या आधी रॅकवाल्याला फोन. प्रत्येक बीमच्या टोकाला लॉकची पिन आहे ना तेही बघा, फोर्कलिफ्टचा खालून धक्का बसला की बीम निसटू नये म्हणून ती असते, आणि नेमकी तीच कुठेतरी पडून हरवलेली असते.

जमीन पण तपासा. बरेच शेड भराव घालून उभे केलेले असतात, फरशी आधीच खचलेली किंवा तडकलेली असेल तर उंच रॅक तिथे नको. पाय बोल्टने जमिनीत पक्के हवेत, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंज आधी तिथेच धरतो, तेव्हा गॅल्वनाइज्ड रॅकला थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या.

माल वर चढवणार कसा? साध्या हँड पॅलेट ट्रकने तो जमिनीवरून जेमतेम उचलला जातो. स्टॅकर (उंच उचलणारी छोटी गाडी) किंवा फोर्कलिफ्ट घेणार असाल तर तिचा मास्ट, म्हणजे माल वर नेणारा उभा खांब, किती उंच जातो ते आधी विचारा आणि मगच वरची लेव्हल ठरवा. साध्या फोर्कलिफ्टला वळायला साधारण साडेतीन-चार मीटरची गल्ली लागते, रीच ट्रकला, म्हणजे अरुंद गल्लीसाठीच्या फोर्कलिफ्टला, कमी. हाताने खोके काढायचे असतील तर प्लॅटफॉर्म आणि कठडा असलेली चाकांची शिडी घ्या. फोर्कवर पॅलेट ठेवून त्यावर पोराला उभं करून वर पाठवणं हा प्रकार सर्रास चालतो, तो आजपासून बंद.

मेझनीन, म्हणजे शेडच्या आत मधला माळा, टाकायचा मोह होईल, पण ते बांधकाम आहे, इंजिनिअरचा आराखडा, मालकाची लेखी संमती, परवानग्या, सगळं आलं. माझ्या मते आधी रॅकमध्ये भागतंय का बघा, बहुतेकांचं भागतं.

शेवटचं काम मे महिन्यात. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक झाले असतील तर बदलून घ्या, आणि पहिला जोराचा पाऊस लागला की टॉर्च घेऊन गोदामात फिरा, जिथे थेंब पडतोय त्या बेच्या खांबाला रंगाची खूण करा. गळती बंद होईपर्यंत त्या बेची वरची लेव्हल रिकामीच ठेवायची.