कासला जाताय? मग गुडघ्यावर बसायची तयारी ठेवा

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर जायचं ठरवताना आधी शनिवार-रविवार टाळा. हंगामात बुकिंग लागतंच, पण मधल्या वारी गेलं की निवांत बघता येतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा, ही वेळ मला सगळ्यात आवडते. नेचे (फर्न) अजून ताजे असतात आणि फुलंही आलेली असतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. वारा फार असतो आणि दोन्ही हात मोकळे हवेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग दोरीनं गळ्यात अडकवा.

साताऱ्याहून निघालात की थेट पठार गाठू नका. मी मुलांना नेते तेव्हा यवतेश्वरच्या घाटातच सुरक्षित जागा बघून गाडी थांबवायला लावते. ओल्या दरडीवर रुपेरी नेचा शोधायचा. पान तोडायचं नाही. त्याच्या मागे तळहात धरून वरून हलकेच दाबायचं, की हातावर पानाची पांढरी नक्षी उमटते. मुलांना ते बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवतात ते बारीक कण, वाटतात, पण ते मेणासारखं चूर्ण असतं. बीजाणू पानाच्या दुमडलेल्या कडेखाली, तपकिरी रेघेत असतात. तेही भिंगातून दाखवा. झाडांच्या खोडांवर बाशिंग नावाचा नेचा दिसेल. त्याची वाळकी, कागदी पानं पालापाचोळा अडवून स्वतःचं खत जमवतात, म्हणून ती मेलेली समजून ओढू नका.

पठारावर जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो. एक पाऊल चुकलं तरी कितीतरी रोपं चिरडतात. वाट सोडू नका. वाटेच्या कडेला, उघड्या कातळावर गुडघे टेका आणि हातभर जागा निवडा. भिंग डोळ्याजवळ धरून डोकं फुलाकडे न्या. फूल डोळ्याकडे ओढू नका. गेंद नावाच्या रोपाच्या पांढऱ्या गोंड्यांमध्ये सीतेची आसवं ही छोटी फुलं सापडतील. त्यांच्या जांभळ्या फुलाच्या मागची शेपटी नीट बघा. या झाडाला मुळं नसतात. ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांमध्ये ते सूक्ष्म जीव पकडतं. जवळच दवबिंदू ही कीटक पकडणारी वनस्पती असेल, तर त्याच्या चिकट केसांवर अडकलेलं चिलट दिसतं. त्या एका चिलटासाठी मुलं अर्धा तास हलत नाहीत, आणि मीही त्यांना हलवत नाही.

डबक्यात वायतुरा असेल तर बेचकीसारखा दुभंगलेला तुरा ओळखा. ही वनस्पती सह्याद्रीबाहेर कुठेही नाही. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी फुलतं. तुम्ही जाल त्या वर्षी कारवी फुललेली नसली तर तिची पानं तरी बघून घ्या.

नाव माहीत नसेल तर अडून बसू नका. वहीत पाकळ्या मोजून चित्र काढा, पानांची मांडणी लिहा. नाव घरी शोधता येतं.